काशीच्या घरची बिडाची कढई

मित्रांनो, आज माझ्या अंगावर गंज चढला आहे. पण १९५१ साली काशीने मला अलिबागच्या बाजारातून रेवसला आणलं, तेव्हा मी काळीभोर, जडशीळ बिडाची कढई होते. काशीचा एकुलता मुलगा दादू होडी घेऊन मासेमारीला जायचा. त्याची बायको जनी मला रोज घासून, कोरडी पुसून तेलाचा हात लावायची.

एका सकाळी मी चुलीवर तापत होते. दादू दारातून समुद्राकडे बघत म्हणाला, "वारा बरा न्हाय."

"मंग नका जाऊ," जनी म्हणाली.

काशी उसळली. "समद्यांच्या होड्या गेल्या. तू बस बायकोच्या पदराखाली!"

दादू गेला. दोन दिवसांनी होडी सापडली, तो सापडला नाही.

काशीने गावभर सांगितलं, सुनेनंच हट्टानं धाडला. जनीने उलट शब्द काढला नाही. मी सगळं ऐकलं होतं, पण माझ्या हाती काय होतं? त्या घरात मासळी शिजेनाशी झाली. माझ्यात आता बहुतेक कोबी-बटाटाच व्हायचा.

दोन वर्षांनी जनीचा भाऊ मोरू तिला कायमची माहेरी न्यायला आला. काशी तापातून उठलेली, अन्नाला शिवत नव्हती. जनीने बोचकं दाराशी ठेवलं आणि म्हणाली, "भाजी टाकते, मंग निघू."

तिने मोहरी तडतडवली, ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची टाकली. हळदीत बटाट्याच्या फोडी परतल्या, वर बारीक चिरलेला कोबी घातला. झाकणीवर पाणी ठेवून मंद आचेवर भाजी मऊ शिजवली. कोबीच्या वासाने घर भरून गेलं.

"आये, दोन घास खा."

काशीने भाकरीच्या तुकड्यात भाजी घेतली. हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मोरू, तुज्या भैनीनं न्हाय धाडला त्याला. ती नको म्हनत होती. मीच टोचून बोलले."

मोरू ताडकन उठला. जनी मात्र खालीच बसून होती. मग तिने काशीच्या ताटात आणखी भाजी वाढली.

"उरलेली सांजच्याला गरम करून घ्या," एवढंच म्हणाली आणि भावामागून निघून गेली. पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी काशी काठी टेकत घरोघरी गेली आणि खरं सांगून आली. त्यानंतर बायका तिच्या ओट्यावर बसेनाशा झाल्या. पुढे तिचे हात थकले. शेजारच्या सोनाबाईने तिला हलकं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं दिलं आणि मी पडवीत पालथी पडले.

मित्रांनो, बिडाच्या भांड्याला ओलं ठेवू नका, तेलाचा हात लावत जा. गंज घासला तर निघतो. पण कुणावर खोटा आळ आलेला तुम्हाला ठाऊक असेल, तर दोन वर्षं थांबू नका. मी लोखंड होते, म्हणून गप्प राहिले.