आत्याचा लॅपटॉप आणि जॅकरंडाखालचा डाव

आमच्या लुवेवे वस्तीत माझ्या आत्याला सगळे मागासेला म्हणतात. निम्म्या वस्तीची बाळंतपणं तिच्या हातची, त्यामुळे ती कुणालाही काहीही सुनावू शकते. तिचं काही चालत नसे ते एकाच माणसापुढे. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा सिवेला. बिअर हॉलसमोरच्या जॅकरंडाच्या झाडाखाली चौकटींच्या पाटावर बाटल्यांची बुचं मांडून ते ड्राफ्ट खेळत. एकदा आत्या तिथे जरा टेकली, तर म्हणाले, "मागासेला, आल्याच आहात तर पाणी आणा. खेळ तुमच्या डोक्यावरून जाईल."

आत्याने पाणी आणलं नाही. ती घरी आली आणि तिने मला फोन लावला.

"नोबुखोसी, तुझ्या बहिणीने जोबर्गहून तो छोटा लॅपटॉप पाठवलाय ना, त्यात ड्राफ्ट खेळता येतो म्हणे. ये आणि चालू करून दे. कुणाला बोलू नकोस."

मी शहरातल्या वाचनालयात कामाला आहे. तिथले संगणक बिघडले की मलाच हाक मारतात, म्हणून घरात माझा भाव थोडा वधारलेला. गेले. लॅपटॉप जेमतेम वहीएवढा, अंगाने दणकट, पण जीव अगदी थोडा. बटण दाबलं आणि आम्ही बसून राहिलो. आत्याने मक्याच्या पिठाचा इसित्श्वाला घोटला, वाढला, आम्ही जेवलो, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटलं.

"हा माझ्यापेक्षा म्हातारा आहे का गं?"

"नाही आत्या. याच्या अंगावर भलतंच मोठं ओझं आहे. आतली ऑपरेटिंग सिस्टम काढून दुसरी हलकी घालू. फुकट मिळते. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघायची, दुकानात बूट पायात घालून बघतो तशी. बसली तर ठेवायची."

अशा सिस्टमांची नावं वाचून दाखवताना मी 'उबुंटू' म्हटलं आणि आत्या ताठ बसली.

"हा तर आपला शब्द! माणुसकी! हेच घाल."

"ते नव्या, ताकदवान मशिनांसाठी आहे आत्या. याला झेपणार नाही."

"माणुसकी झेपत नाही असं मशीन माझ्या घरात नको. घाल म्हणते ना!"

घातलं. लॅपटॉपने दोन ओळी खरडल्या आणि गप्प झाला. आत्याने पाठीवर थोपटून पाहिलं, बाळ रडावं म्हणून थोपटतात तसं. व्यर्थ.

मग अँटिएक्स नावाचं हलकं सॉफ्टवेअर आणलं. ते झटकन उठलं, मी खूश झाले. आत्याने चष्मा वर केला. "पोलीस चौकीची भिंत वाटतेय. रोज सकाळी हे तोंड बघू मी?"

"आत्या, तुला खेळायचंय की लग्न लावायचंय त्याच्याशी?"

"दुसरं दाखव."

दुसऱ्याचं नाव पपी. कुत्र्याचं पिल्लू म्हटल्यावर तिने दोन्ही हात वर केले. "कुत्रं? माझ्या मांडीवर? वस्तीत कळलं तर म्हणतील, मागासेला कुत्र्याकडून खेळ शिकते!" पण ते सगळंच्या सगळं लॅपटॉपच्या मेमरीत जाऊन बसलं आणि बोट लावताच धावायला लागलं. आत्याचा हात हळूच खाली आला. "असू दे. अंगणात बांधून ठेवू," म्हणाली.

मी त्यात ड्राफ्ट घातला, जतन केला आणि बजावलं, "बंद करताना ते विचारेल, आजचं जतन करू का? 'हो' म्हण, नाहीतर दिवसभराचं सगळं पुसलं जाईल."

पुढच्या आठवड्यात गेले तर खेळाच्या नोंदीत तिचा एकही डाव नाही.

"आत्या, तू खेळलीच नाहीस?"

"रोज खेळते. रोज हरते. मग ते विचारतं, जतन करू का, मी म्हणते, नको. सकाळी उठावं तर हरलेली कुणीच नाही! नवरा असा हवा होता."

महिनाभराने ती लॅपटॉपवर जिंकू लागली आणि एका शनिवारी थेट झाडाखालच्या दगडावर जाऊन बसली. बाबा सिवेलांनी तिला बघता बघता उडवलं. लॅपटॉप बिचारा मुकाट खेळायचा. इथे बूच पाटावर आपटत होतं, बाबा गात होते आणि भोवतालची टोळकी ओरडत होती, "मागासेला, हे बाळंतपण अवघड दिसतंय!"

घरी येऊन तिने रेडिओ मोठ्याने लावला, लॅपटॉप उघडला आणि मला समोर उभं केलं. "आता मला नावं ठेव."

"आत्या, तू माझ्या बापाची बहीण. जीभ कशी रेटेल माझी?"

"रेट!"

मी भीतभीत म्हटलं, "म्हातारे, तुला काय जमणार?" ती खेळत राहिली. मग माझीही जीभ सुटली. तिच्या चालीवर बोलले, चष्म्यावर बोलले, तिच्या इसित्श्वाल्यातल्या गुठळ्यांवरही बोलले. तिने हात थांबवला. "गुठळ्यांचं पुन्हा काढलंस तर उपाशी जाशील." पण डाव जिंकली.

पुढच्या खेपेला मी तिच्यासोबत होते. बाबा सिवेला गायले, तिने ताल धरला. त्यांनी बूच आपटलं, तिने त्याहून जोरात. शेवटी त्यांचं एकच बूच उरलं आणि तेही कोपऱ्यात अडकलं, चालच उरली नाही. ते पाटाकडे बघत राहिले, बिअर कोमट झाली. मग त्यांनी स्वतः उठून शेजारचं स्टूल आणलं, रुमालाने पुसलं आणि आत्यापुढे ठेवलं. "त्या दगडावर कंबर दुखेल तुमची. बसा नीट. पुन्हा मांडू."

आत्या बसली. संध्याकाळपर्यंत दोन डाव ते जिंकले, एक ती. परतताना ती रस्ताभर फक्त हरलेल्या डावांबद्दलच बोलत होती. कुठली चाल चुकली, कुठे घाई झाली, अगदी मन लावून सांगत होती. वळणावर दाणेवालीकडून शेंगा घेतल्या तेव्हाच मध्ये थांबली, आणि तेही मूठ मोठी भर म्हणून तिच्याशी भांडायला.