समोरच्या फुटपाथवरून

"डावी बाजू जरा वर घे! अजून थोडी... बास!"

समोरच्या फुटपाथवरून पेंटरने हात उंचावला, तशी शिडीवरच्या मुलीने पत्र्याची पाटी खिळ्यांना अडकवली आणि ती खाली उतरली. तिचं चष्म्याचं दुकान परवा उघडणार होतं.

या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या पेंटरच्या हातच्या होत्या. लेकीच्या दुकानाची पाटी आपणच रंगवणार, हे तो धरूनच चालला होता. आणि पोरीने मात्र लोगो का काय ते एका डिझायनर बाईवर सोपवलं. ते त्याला फार लागलं. आठवडाभर तो घरात मोजकंच बोलला आणि गुपचूप स्वतःची पाटी रंगवून मोकळा झाला. शेवटी निवाडा त्याच्याच कसोटीवर करायचं ठरलं: समोरच्या फुटपाथवरून जी नीट दिसेल, ती लागेल. चाळीस वर्षं तो प्रत्येक पाटी अशीच रस्ता ओलांडून पास-नापास करत आला होता.

"वाचा काका," शेजारी उभी असलेली डिझायनर बाई म्हणाली.

"डोळ्यांची तपासणी मोफत," त्याने ऐटीत सुरुवात केली. "चष्मे, गॉगल, फ्रेमची दुरुस्ती, लहान मुलांसाठी खास सोय. फोन नंबर..."

इथे गाडी अडली. दुकानाचा नंबर नवा होता, चिठ्ठीत बघून उतरवलेला. त्याने डोळे बारीक केले. नंबराच्या जागी नुसता लाल पट्टा होता. त्याने वरची ओळ पाहिली, तिथेही पट्टाच. एवढा वेळ जे घडाघडा वाचलं, ते सगळं तोंडपाठ होतं.

"आता तुझी दोन पूज्यं बघू," तो घाईघाईने म्हणाला. लोगोला त्याने ठेवलेलं हे नाव. दोन मोठ्ठी पूज्यं आणि खाली एक शब्द, एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला लागतो, हे त्याने बाईला दोनदा ऐकवलं होतं.

मुलीने पुन्हा शिडी चढून पाटीवरून लोगोचा कापडी बॅनर सोडला. खालचा शब्द धुक्यात गेल्यासारखा विरघळला. पण ती दोन निळी वर्तुळं आणि त्यांना जोडणारी कमान जागची हलली नाहीत.

"चष्मा," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"चष्म्याच्या दुकानात येणाऱ्याला लांबची अक्षरं कुठे दिसतात, काका?" बाई म्हणाली. "म्हणून आधी त्याला दिसेल असं काहीतरी शोधलं."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता.

"माझ्या पाटीवरचा नंबर दिसत होता तुला?"

"हो, अगदी स्पष्ट. अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

हे कौतुक त्याला सहन होईना.

"बाबा, कुठली?" पलीकडून मुलीने हाक मारली.

त्याचा शब्द ती मोडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. 'माझी' एवढंच म्हणायचं होतं. रस्ता दोनदा मोकळा झाला, तरी तो जागचा हलला नाही. बाई निघाली तेव्हा तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकत त्याने रस्ता ओलांडला.

"हिची लाव," तो मुलीला म्हणाला.

"खरंच? आणि तुमची?"

"माझी आत लाव. जवळून बघणाऱ्यांसाठी."

तो दुकानात शिरला. तपासणीच्या खुर्चीवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. ते त्याने ओढून काढलं, नीट घडी करून मांडीवर घेतलं आणि बसला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता.

मुलगी दारात थबकली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या फुटपाथकडे. काही न विचारता तिने तक्त्यावरचा दिवा लावला.

"अगदी वरच्या ओळीपासून घे," तो म्हणाला. "हा काही मी रंगवलेला नाही."