दुसऱ्या खेपेसाठी ठेवलेला फाटा

मित्रांनो, मला पाहायचे असेल तर तुम्हाला मान वर करावी लागेल. मी एक जुना सागवानी फाटा आहे. छपराचा उतार ज्या लांब लाकडांवर पेललेला असतो, त्यांना आमच्या भागात फाटे म्हणतात. आमच्यावर बांबूच्या कमच्या आणि कमच्यांवर मातीचे कवेलू, म्हणजे कौले. गोंडपिपरी तालुक्यातल्या एका लहान गावात, देवरावच्या दोन खोल्यांच्या घरावर आम्ही अकरा भावंडे चाळीस वर्षे पडून होतो. पडून म्हणजे काम करत. छपराच्या लाकडाला पडून राहणे हेच काम असते.

त्याआधी मी झाड होतो, पण ते दिवस आता मला फारसे आठवत नाहीत. देवरावच्या वडिलांनी आम्हाला परवाना काढून रीतसर आणले आणि गुलाम रसूल मिस्त्रीने आम्हाला बसवले. तेव्हा तो तरुण होता. आता शिडी चढताना त्याचे गुडघे वाजतात, ते मला ऐकू येते.

दर उन्हाळ्याच्या शेवटी तो कवेलू फेरायला यायचा. सगळे कवेलू उतरवायचे, झाडायचे, फुटलेले बाजूला काढायचे आणि पुन्हा रचायचे. तेवढ्यात कुऱ्हाडीच्या पाठीने तो आम्हा प्रत्येकाला ठोकून पाही. आतून भरीव आवाज आला की पुढच्याकडे सरके. त्याची एक रीत होती. काम झाकण्याआधी घरातल्या माणसाला तो शिडी चढायला लावायचाच.

"या बाई, वरती या," तो अंजनाबाईला, म्हणजे देवरावच्या बायकोला, हाक मारी.

"मले भेव लागते ना, रसूलभाऊ. तुमी पाह्यलं, झालं."

"माह्या पाहण्यानं काय होते? डोक्शावर तुमच्या हाये ते, माह्या नाई."

मग पदर खोचून, नवऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या नावाने कुरकुरत ती वर येई आणि मला हात लावून पाही. त्या हाताला शेणामातीचा वास असे. माझ्या आयुष्यातली शाबासकी म्हणाल तर ती एवढीच.

पुढे गावात टिनाचे पत्रे आले. निळे, लाल, चकचकीत. देवरावची मुलगी नंदिनी पाचवीत गेली तशी म्हणू लागली, "आई, आपलंच घर काऊन असं मातकट?" मला वाईट वाटले, पण राग नाही आला. जुन्या लाकडाला राग फार वेळ धरून ठेवता येत नाही.

यंदा मे महिन्यात वादळ आले. देवराव तेव्हा अहेरीकडच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या कामावर गेला होता. तिथे फोन लागत नाही. अर्धा तास वारा असा सुटला की आमच्यावरचे निम्मे कवेलू अंगणात जाऊन फुटले. आम्ही अकराही जागचे हललो नाही. पण खालून वर पाहणाऱ्याला मोठे भोक आणि त्यातून आभाळ दिसत होते.

अंजनाबाई अंगणवाडीत मदतनीस आहे. दुसऱ्या दिवशी मुलांची खिचडी आटोपून ती रसूल मिस्त्रीला शोधत गेली. परत आली ती पाय आपटत.

"आठ दिवस थांबा म्हणते मिस्त्री! ताडपत्री टाका अन् दगड ठेवा म्हणते," ती नंदिनीला सांगत होती. "पंधरा वर्षं झाली मले या घरात येऊन, दरसाल त्याले माह्या हातचा चहा. अन् आता आधी सुकरीचं घर!"

"सुकरीमावशीचं पूर्ण छप्परच उडालं ना, आई. तिचं बाळ लहान हाये."

"तू गप राह्य. मोठी वकील आली."

मित्रांनो, वादळ झाले की चांगल्या मिस्त्रीच्या दारात रांग लागते, आणि ज्याचे जास्त गेले त्याच्याकडे तो आधी जातो. त्याचा उशीर हा त्याच्या भलेपणाचाच भाग असतो. पण अंजनाबाईला तो अपमान वाटला. सगळे त्या रुसव्यातून घडले.

तिसऱ्या दिवशी एक पांढरी गाडी गावात फिरली. उतरलेल्या माणसाने आपले नाव सुरज सांगितले. चंद्रपुरात मोठे दुकान आहे म्हणाला. बोलणे गोड, पायात नवे बूट.

"ताई, एक पैसा देऊ नका," तो म्हणाला. "जुनं लाकूड आम्ही नेतो, बदल्यात नवीन टिना टाकून देतो. उद्याच्या उद्या घर तयार. निळ्या पाह्यजे का लाल?"

"निळ्या!" नंदिनी म्हणाली.

"पण लाकूड चांगलं हाये न माहं," अंजनाबाई म्हणाली.

"पाहतो ना मी. तुम्ही खालीच थांबा, पडाल."

तो वर आला. मला ठोकले नाही. ज्या खिशात हात घालून तो चढला होता, त्यातून त्याने मूठभर वारुळाची माती काढली, माझ्या अंगावर चोळली आणि खाली धरून दाखवली.

"ही पाहा वाळवी! आतून सगळं खाल्लं. रात्री पोरीच्या अंगावर पडलं तर?"

माझ्या अंगात वाळवी नव्हती, मित्रांनो. ती माती त्याची होती. पण लाकडाला ओरडता येत नाही. अंजनाबाईने नंदिनीला जवळ ओढले, आणि तिचा चेहरा पाहून मला कळले की आता आमचे दिवस भरले.

शेजारची म्हातारी म्हणाली, "देवरावले येऊ दे बापा आधी."

"तोवर काय उघड्यावर झोपू?" अंजनाबाई म्हणाली. "अन् तो मिस्त्री? त्याले सुकरी हाये, मी कुठी?"

सुरजच्या चार माणसांनी दुपारपर्यंत सगळे घर उघडे केले. त्यांना आमच्याशिवाय कशातच रस नव्हता. उरलेले कवेलू त्यांनी अंगणात रचून ठेवले. माझी आठ भावंडे गाडीत गेली. चाळीस वर्षे शेजारी राहून आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो, आणि निरोपही घेता आला नाही. जागा संपली तेव्हा सुरजने मला आणि आणखी दोघांना भिंतीशी उभे केले.

"हे तीन दुसऱ्या खेपेले नेतो. टिना घेऊनच येतो."

उभे राहणे माझ्या सवयीचे नव्हते. मला ते फार जड गेले. त्याहून जड होते अंजनाबाईचे बोलणे. रोज संध्याकाळी मला हात लावून ती नंदिनीला म्हणायची, "फाटे इथीच हायेत न त्याचे. येईन तो. एवढं सागवान कोणी सोडून जाते का?" मी तिच्या भरवशाची खूण झालो होतो. खोटी खूण. त्याने दिलेला नंबर आधी वाजायचा, मग वाजेनासा झाला. मायलेकी ताडपत्रीखाली झोपत होत्या आणि दिवसभर आभाळाकडे पाहत होत्या.

ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी गुलाम रसूल आला. शिडी खांद्यावर होती. अंगणात आला आणि नुसत्या भिंती पाहून शिडी खाली ठेवायचेच विसरला.

"बाई, हे काय झालं?"

नंदिनीनेच सांगितले. "वाळवी लागली होती, चाचा. त्यानं दाखवली."

रसूलने कुऱ्हाडीची पाठ माझ्यावर मारली. एकदा, दोनदा. मग नंदिनीच्या हातात कुऱ्हाड देऊन तिलाही मारायला लावले. माझा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. खणखणीत.

"हे खाल्लेलं लाकूड हाये?" तो हळूच म्हणाला. "अन् सागवान न्याचं तर जंगलखात्याचा परवाना लागते. दाखवला त्यानं? गाडीचा नंबर पाह्यला कोणी? दुकान कोणत्या गल्लीत, इचारलं?"

"तुमी आला असता तर कशाले झालं असतं हे?" अंजनाबाई एकदम उसळली, आणि मग तिथेच मटकन बसून रडली. "तुमचाच राग आला होता, भाऊ."

रसूलने शिडी भिंतीला लावली. "कामाले येता येत नव्हतं मले, पण मधात एक चक्कर टाकून पाहून जायले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "तेवढं चुकलं माहं. उठा आता. पाणी थांबणार नाई आपल्यासाठी."

पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी लिहून घेतली. पण गाडी पांढरी होती, यापलीकडे सांगण्यासारखे कोणाकडे काही नव्हते. रसूलने आम्हा तिघांना आणि सुकरीच्या घरून उरलेल्या बांबूंना घेऊन एक खोली झाकली. एकच. दुसरीला पुरेल इतके लाकूड नव्हते. देवराव परतला तेव्हा त्या खोलीच्या दारात उभा राहून त्याने बायकोकडे पाहिले, मग बाहेर जाऊन रसूलसाठी चहा ठेवला.

आता पाऊस लागला आहे. उघड्या खोलीची मातीची भिंत रोज थोडी विरघळते. वरून मला ती दिसते. खाली तिघे जण दाटीवाटीने झोपतात. नंदिनी कूस बदलते तेव्हा तिचा हात आईला लागतो.

मित्रांनो, मी थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वादळानंतर कोणी घाई करत दारात आला, तर त्याला थांबायला सांगा. त्याचे नाव, गाव, गाडी लिहून घ्या. त्याने याआधी कोणाचे घर झाकले ते जाऊन पाहा. ज्याला खरे काम करायचे आहे तो थांबेल. आणि ओळखीचा मिस्त्री उशिरा येतो म्हणाला, तर रुसू नका. चाळीस वर्षे उभे असलेले छप्पर आठ दिवसांत पडत नाही. आमचे वादळातही पडले नव्हते, ते घरच्यांनी उतरवू दिले.

अकरा जणांचे ओझे आता आम्ही तिघे वाहतो. रात्री पावसाचा जोर वाढला की माझ्या पाठीत कळ येते. पण खाली तिघे झोपलेले असतात, म्हणून मी हलत नाही.