दारात आलेली शीव

मेंढीच्या गळ्यातली घंटी. आतली जीभ गळून पडलेली.

फक्कीची पांढरी रेघ. तिच्यावर कुत्रं लोळलेलं.

‘नवजीवन नगर. शहरालगत. शहरातच म्हणा ना.’

टेम्पोच्या फळीवर उमटलेला हळदीचा हात.

लिंबाचं खोड, जमिनीलगत कापलेलं.

ओली माती. हिनेच सगळा घोळ केला.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं विचारू नका. त्या सगळ्या माझ्या वाट्याला आल्या, एवढाच संबंध. मी एक जुना शिवेचा दगड आहे. काळा, माणसाच्या कमरेएवढा, निम्मा जमिनीत. म्हणजे निम्मा जमिनीत असायला हवा. ते पुढे येईल.

शीव म्हणजे गावाची हद्द. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका कडुलिंबाखाली मी उभा होतो. माझ्या मावळतीला गाव, उगवतीला रान. काम एकच, न हलणे. दगडाला याहून सोयीचं काम दुसरं कोणतं मिळणार?

जन्म (थोडक्यात, कारण कोणी विचारत नाही)

खाणीत फुटलो, छिन्नीने घडलो, बैलगाडीतून आलो, पुरला गेलो. झालं.

रान

माझ्या उगवतीला तेव्हा नुसता माळ होता. धनगरांचे कळप दिवाळी झाली की निघत आणि पाऊस तोंडावर आला की परतत. परतल्यावर मेंढ्या आधी माझ्यावर पाठ घासत. एकीची घंटी माझ्या बुडाशी पडली, ती कैक वर्षं तिथेच होती. लोक त्या जागेला ‘मेंढराचा माळ’ म्हणत.

मग पाटाला पाणी आलं, ऊस आला. माळाचं नाव झालं ‘पाटाखालचं रान’. कळप विकले गेले. मेंढरं राखणाऱ्यांची पोरं कुणी कारखान्यात गेली, कुणी डेअरीत.

मग प्लॉट पाडून विकणारा रामहरी आला. त्याच्याकडे फक्कीचं एक पोतं आणि बोलण्याचं दुसरं पोतं होतं. त्याने रानात पांढऱ्या रेघा ओढल्या आणि माझ्या तोंडावर प्लॉटांकडे दाखवणारा निळा बाण काढला. लिंबामुळे त्याची पाटी रस्त्यावरून दिसत नव्हती, म्हणून लिंब कापला. ‘पाटाखालचं रान’ एका दिवसात ‘नवजीवन नगर’ झालं. जीवन नवं होतं की नाही, ठाऊक नाही. पाणी मात्र जुनंच होतं, हापशाचं.

घरं उठली. शहर जवळ आलं, जवळ आलं आणि माझ्याशी येऊन थांबलं. नळ माझ्या अलीकडे थांबला. रस्त्यावरचे दिवे माझ्या अलीकडे थांबले. पोस्टमनसुद्धा माझ्यापाशी सायकल वळवायचा. आणि त्रागा कुणावर? माझ्यावर! “ह्या धोंड्यापायी नळ न्हाय आपल्याला,” असं म्हणत बाया भरलेल्या घागरी माझ्यावर टेकवायच्या. अहो, मी कधी कुणाचा नळ अडवला? मी उभा होतो. एवढंच.

लग्न (मधूनच, कारण सगळं इथूनच बिघडलं)

दादासो हा त्या माळावर मेंढरं राखणाऱ्याचा मुलगा. डेअरीत कामाला होता. नवजीवन नगरात माझ्यापासून हाकेच्या अंतरावर त्याने घर बांधलं. त्याची मुलगी बायडा. तिचं लग्न अंथुर्ण्याच्या मुलाशी ठरलं. मुलाला वडील नव्हते. सगळा कारभार चुलत्याचा, मानसिंगतात्यांचा.

दादासोने बोलणी करताना सांगून टाकलं होतं, “आमी बारामतीतच ऱ्हातो.” मुलगी दाखवायचा कार्यक्रमही त्याने मुद्दाम गावातल्या बहिणीच्या घरी केला. मानसिंगतात्यांनी सगळं मान्य केलं. अट एकच घातली.

“आमच्यात शीव पुजल्याबिगर नवरदेव नवरीच्या दाराकडं बघत न्हाय. तुमी वाजतगाजत शिवेवर या. तितं नारळ फोडा, नवरदेवाला ओवाळा, मग मांडवात न्या.”

रीत चांगली आहे. माझी तक्रार नाही. पण आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. वऱ्हाड इंदापूरकडून येणार. त्याला आधी लागणार नवजीवन नगर, म्हणजे दादासोचं दार, दारात मांडव. त्याच्यापुढे मी. म्हणजे नवरदेव आधी नवरीच्या दारावरून जाणार, मग शीव पुजणार. आणि दादासो शिवेबाहेर राहतो, हे अख्ख्या वऱ्हाडाला दिसणार.

दुसऱ्या कुणी खरं सांगून टाकलं असतं. दादासोने हद्दच हलवायचं ठरवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, त्याने शेजारच्या बादशाहला हाक मारली. बादशाहचा टेम्पो होता. दोघांनी पहार लावून मला उपटलं. हो, उपटलं, मुळ्यासारखं! हळद लागलेली बायडा हे बघून धावत आली. तिने टेम्पोच्या फळीवर हात आपटला.

“आबा, काय चालवलंया हे?”

“तू घरात जा. नवरीनं ऊन खाऊ ने.”

बादशाह मला ढकलता ढकलता म्हणाला, “दादासो, आजवर फरशी न्हेली, कपाट न्हेलं, म्हसबी न्हेली. गावाची हद्द पयल्यांदाच न्हेतोय. आडवी न्हेऊ का उभी?”

आडवी नेली. शेवटच्या घराच्याही पुढे, उसाच्या बांधाला मला पुरलं. माती बसावी म्हणून वर घागर ओतली. आणि निळा बाण? तो आता नगराकडे पाठ करून इंदापूरकडे झाला. या लोकांनी मला निदान सरळ तरी लावायचं!

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. ट्रक माझ्यापाशी थांबला. वाजंत्री तयार, आरती तयार, दादासोच्या हातात नारळ. मानसिंगतात्या उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पायाखाली बघितलं. चपलेने माती उकरली.

“पाव्हणं, ह्यो दगड हितला न्हाय.”

“हितलाच की तात्या. जुना हाय.”

“दगड जुना हाय, खड्डा नवा हाय. माती वली हाय अजून. तरणा हुतो तवा बाजारला येताना ह्याच्यावर बसून भाकर खाल्लीया मी. लिंबाखाली हुता ह्यो. लिंब कुठाय?”

दादासोने नारळ या हातातून त्या हातात घेतला. बादशाह टेम्पोचा आरसा पुसायला लागला.

“खोट्या शिवेवर आमी नारळ फोडत न्हाय,” तात्या म्हणाले. “चला खऱ्या जाग्याला.”

“तात्या, त्यो जागा आमच्या दाराच्या पल्याड हाय. दारावरनं जावं लागंल.”

“पूजेआदी दारावरनं? आमचा नवरदेव जायचा न्हाय.”

म्हणजे पुढे जाता येईना आणि इथे थांबता येईना. मागे मात्र जाता येत होतं. तात्यांनी ट्रकच्या ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने बिडी विझवली आणि चावी फिरवली. नवरदेव फेटा सावरत उभा होता.

तेवढ्यात मांडवातून बायडा आली. मुंडावळ्या बांधलेली, अनवाणी. मागून बाया, “अगं, आसं यायचं नस्तं गं!” ती थेट तात्यांपुढे उभी राहिली.

“तात्या, आबांनी दगड हलवला, ते चुकलं. पर त्यो जुन्या जाग्याला व्हता तवा आमी भाईर व्हतो, आन आताबी भाईरच हाय. आमच्याकडं नळ न्हाय. दिवा न्हाय. पोस्टमन येत न्हाय, तुमचं लग्नाच्या यादीचं पाकीटबी बादशाहचाचांनी गावातनं आणलं. आमी बारामतीचं न्हाय. मेंढराच्या माळाचं हाय. चालत आसंल तर शीव आमच्या दारात पुजा. आमचं गाव तितनंच सुरू व्हतंय. न्हाय तर ट्रक वळवा. मला पायाला चटकं बसाय लागल्यात.”

तात्यांनी तिच्या पायांकडे बघितलं.

“पोरगी तोंडाची फटकळ हाय,” ते म्हणाले.

दादासोने मान खाली घातली.

“बरं झालं. आमच्या घरात समदी मुकी हायती,” तात्यांनी पुतण्याकडे बोट केलं. “ह्येच बघा की. लगीन मोडाय निघालं तरी फेटाच धरून हुबा. घ्या दगड टेम्पोत!”

मला पुन्हा उपटलं. पुन्हा आडवा. दादासोच्या दारात, मांडवाच्या तोंडाशी मला उभं केलं, पुरलंसुद्धा नाही, दोन विटांच्या आधाराने. नारळ माझ्यावरच फोडला. पाणी नवरदेवाच्या विजारीवर उडालं आणि तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसला असावा, कारण तात्या दचकले.

त्यानंतर

लग्न लागलं, ट्रक गेला. मी दारातच राहिलो. परत नेऊन ठेवू, असं रोज ठरत होतं.

मग नवजीवन नगरात नवीनच खूळ निघालं. ज्याच्या घरी लग्न, तो टेम्पो घेऊन येई. “दादासो, शीव पायजे व्हती.” मी जातो, नारळ खातो, परत येतो. एकदा मला विसरून आले, तेव्हा मी दोन महिने एका गोठ्याच्या दारात होतो आणि म्हैस मला खांब समजत होती. माझा एक कोपरा उडाला आहे. नारळाच्या पाण्याने अंग चिकट झालं आहे आणि मुंग्यांनी संसार थाटला आहे. आता १९९८ साल चालू आहे, आणि ही हद्द कुठे आहे हे विचारायचं असेल, तर आधी कुणाकडे लग्न आहे ते विचारा.

यंदा नागपंचमीला बायडा माहेरी आली. उंबऱ्यात पाय ठेवण्याआधीच तिने विचारलं, “आबा, नळ आला का?”

“शीव आलीया दारात. नळबी यील,” दादासो म्हणाला.

तिने कपाळावर हात मारला. मग हापशावरून तांब्या भरून आणला, माझ्यावर ओतला, पदराच्या टोकाने मुंग्या झटकल्या आणि उडालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मला इतक्या वर्षांत कुणी धुतलं नव्हतं.

मित्रांनो, माझी विनंती मोठी नाही. मला एकदाच, कुठेही, पण नीट पुरा. खड्डा खोल घ्या. आणि पुरून झालं की माझ्या दोन्ही अंगांना पाणी न्या, दिवे न्या, पत्रं पोहोचवा. पलीकडच्या माणसांना घर सांगताना खोटं बोलावं लागू नये, एवढं झालं तर मी कुठल्या जागी उभा आहे याची मला पर्वा नाही. पूर्वी होती. फार होती. माझी जागा मोठ्या विचाराने ठरली, असं मला वाटायचं.

मला पहिल्यांदा पुरलं तेव्हा खणणाऱ्याने विचारलं होतं, “हितंच का?” आणि दुसरा म्हणाला होता, “हितं सावली हाय.”