चिठ्ठीतली अडचण

धाकटी सकाळपासून पाठाची टिपणं चाळत होती. शिक्षिकांच्या प्रशिक्षण वर्गात वयानं सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. शिक्षिका व्हायचं तर आजचा सराव पाठ पास व्हायलाच हवा होता. मागच्या वेळी ती सपशेल आपटली होती. आता चुकलं की अख्खं वर्ष पुन्हा.

विषय होता मुलांच्या अडचणी ओळखण्याचा, आणि परीक्षेची तऱ्हाच अजब. मुलांच्या जागी बसायच्या वर्गमैत्रिणीच. मॅडम पाठाच्या तोंडावर एकेकीला चिठ्ठी देत. तिच्यात मुलाची अडचण लिहिलेली: एकाला नीट दिसत नाही, दुसऱ्याला जागेवर बसवत नाही. त्यांनी तसं वागायचं, धाकटीनं ओळखून मदत करायची. आता घोड्याएवढ्या बाया बाकावर चुळबुळ करायला लागल्या, तर ओळखायचं काय, कप्पाळ!

पण काकूंचं निराळंच. दोन मुलं मोठी करून मग शिकायला आलेल्या काकू म्हणजे वर्गाचा जीव. धाकटीनं त्यांना फळ्यावरचा उतारा वाचायला सांगितला, तर पहिल्याच ओळीत गाडी अडली. काकू एकेक अक्षर जुळवत राहिल्या, मधलीच ओळ गाळली, परत मागे आल्या. कानांच्या पाळ्या लालबुंद.

"काय बेमालूम करतायत काकू!" मागून कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या.

धाकटीचं लक्ष मात्र काकूंच्या कानांकडे होतं. कान लाल करायचं नाटक येतं कुणाला? तिनं उतारा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिला, खालच्या ओळी झाकायला पट्टी दिली. "सावकाश होऊ दे," ती म्हणाली. काकूंनी हळूहळू सगळं वाचलं.

पाठ संपल्यावर मॅडमनी यादी उघडली. "काकूंची अडचण कोणती?"

"वाचनाची, मॅडम."

"साफ चूक. त्यांच्या चिठ्ठीत होतं, ऐकू कमी येतं."

धाकटी गोंधळून काकूंकडे बघायला लागली. काकूंनी नजर चुकवली, आणि धाकटीला उमगलं, ते नाटक नव्हतंच. आपलं खरं करायचं, तर काकूंचं गुपित चारचौघांत फोडायचं! धड वाचता न येणारी बाई कसली शिक्षिका होणार, असं कुणीही म्हणेल. आणि गप्प बसावं, तर आपलं वर्ष बुडतंय. काय करावं बाई?

"चुकलंच माझं," ती कशीबशी म्हणाली.

"काही चुकलं नाही तिचं!" काकू ताडकन उठल्या. "तेवढ्या घाईत ती चिठ्ठी मला वाचताच आली नाही, मॅडम. मी नाटक केलंच नाही. घरी लेक धडे मोठ्यानं वाचते, मी पाठ करते. असंच निभावत आलेय."

मॅडम काकूंकडे बघतच राहिल्या. मग हातातली यादी मिटून त्यांच्याशेजारी बाकावर येऊन बसल्या.

"तू पास आहेस गं," त्या धाकटीला म्हणाल्या. "काकू वर्षभर माझ्या समोर बसतायत, पण ओळखलंस तू. आणि हा विषय मी शिकवते."