आमच्या रांगेशी जेवण वाढलं

माझ्या आईने एकतीस वर्षं नर्सांच्या वसतिगृहाची खानावळ सांभाळली, आणि एवढ्या वर्षांत अन्नाच्या बाबतीत ‘संपलं’ हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही. पातेल्याचा तळ दिसला तरी ती म्हणायची, “भात वाढला गं पोरींनो, थांबा, दुसरा होतोय.” नव्या मुली गोंधळायच्या. वाढला म्हणते, मग ताटात का पडत नाही? जुन्या मुली त्यांना कोपराने ढोसायच्या. “पळीमावशी वाढला म्हणाल्या की संपला समजायचं. इथे संपला म्हणायचं नाही, नाहीतर पळी बसेल.”

आई जेवायची सगळ्यांच्या शेवटी. तेही उभ्याने, ओट्याला टेकून, एका हाताने झाकण्या लावत. भुकेलं माणूस ताट घेऊन समोर आलं की त्याच्या रूपाने देवच उभा असतो, आणि देवाला ताटकळत ठेवून आपण बसायचं नसतं, एवढी साधी तिची समजूत. निवृत्त झाली तरी घरी तेच. मी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढते. दमून घरी आले की ताट तयार, आणि ही उभी. “बस ना आई.” “तू घे आधी, मला भूक नाही.” ही भूक नसण्याची सबब मी चाळीस वर्षं ऐकत आले आहे.

म्हणून दादाने दोघींना परदेशी बोलावलं तेव्हा मी ठरवलं, आईला मधल्या वर्गातून न्यायचं. प्रीमियम इकॉनॉमी म्हणतात त्याला. भाडं मागच्या वर्गापेक्षा दीडपट, पण नऊ तासांचा प्रवास, तिचे गुडघे, आणि खरं सांगायचं तर जाहिरातीतला जेवणाचा तो फोटो. चिनी मातीची बशी, कापडी रुमाल, खऱ्या धातूचा चमचा, वाफ निघणारं सूप. खाली लिहिलेलं, ‘आपल्या आसनावर, आपल्या आवडीचं.’

आईने फोन डोळ्यांजवळ धरून तो फोटो पाहिला.

“हे मला बसल्या जागी?”

“बसल्या जागी.”

“आणि वाढणार कोण?”

“त्यांची माणसं. तू कशालाही हात लावायचा नाहीस.”

“मग मी काय करू?”

“जेव!”

ती लाजल्यासारखी हसली. पुढचा महिनाभर शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत होती, “विमानात मला वाढणार आहेत.” लोकांना कौतुक विमानाचं, हिला वाढण्याचं.

मधल्या वर्गात अठ्ठावीस खुर्च्या होत्या, सात-सातच्या चार रांगा. आम्ही चौथ्या रांगेत, कडेच्या दोन खुर्च्यांवर. बसल्या बसल्या सोनेरी कडेचं कार्ड हातात आलं. आईने ते तीनदा वाचलं आणि भाजलेल्या भाज्या घातलेला भात घ्यायचं पक्कं केलं. मग ती हात धुऊन आली, समोरची फळी उघडली आणि पदर सावरून बसली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. “तिथे एवढं वाढणार, मग पोटात जागा नको?” असं म्हणाली होती.

ढकलगाडी पुढून निघाली. दुसऱ्या रांगेशी आली तेव्हाच माझ्या लक्षात आलं की बशा नाहीत. पुठ्ठ्याचे डबे होते, त्यांवर सोनेरी पट्टी, सोबत लाकडी चमचा. मनात म्हटलं, बशीचं राहू दे, गरम जेवण तरी मिळेल.

गाडी आमच्या रांगेत आली. वाटणाऱ्या मुलीने पलीकडच्या पाचजणांना डबे दिले, शेवटचा आमच्या बाजूला वाटेपलीकडे बसलेल्या कोटवाल्या गृहस्थांना. मग तिने गाडीचे दोन्ही कप्पे ओढून पाहिले आणि हात जोडले.

“सॉरी आजी. दोन्ही प्रकार संपले.”

“अगं, असं म्हणू नये,” आई म्हणाली. “वाढलं म्हणावं.”

“हो आजी. वाढलं.”

“मग दुसरं कधी होतंय?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. “विमानात दुसरं होत नसतं, आजी.”

“अहो, पण आम्ही भाडं भरलंय!” माझा आवाज चढला. “अठ्ठावीस खुर्च्या आहेत, अठ्ठावीस माणसं बसलीत. जेवण गेलं कुठे?”

ती खाली वाकली, अगदी हळू बोलली. “गेले सहा महिने या वर्गाला सव्वीसच डबे चढवतात. दोघंतिघं नेहमी झोपलेली असतात, असा वरच्यांनी अंदाज काढलाय. आज कुणी झोपलंच नाही.”

मी आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला भूक दिसेल, अपमान दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो खानावळीतला राग. भाजीवाल्याने वरती ताजी आणि खाली सडकी भरून पाठवली की तिचा चेहरा असा व्हायचा.

“म्हणजे कुणीतरी उपाशी झोपेल या भरवशावर स्वयंपाक?” ती म्हणाली. “मी रोज दोघींचं जास्त टाकायचे. रात्रपाळीची एखादी अवचित आली तर तिने काय खायचं? आणि ही शहाणी माणसं दोघांचं कमी टाकतात, वर झोपेवर ढकलतात! झोपलेल्याला उठवून जेवायला घालतात की त्याचं ताटच काढून घेतात?”

कोटवाल्यांनी आपला डबा पुढे केला. “मावशी, यातलं अर्धं घ्या.”

आईने झाकण उचललं, पण हात लावला नाही. नुसती पाहत राहिली. “कडेचे दाणे बघा, खडे झालेत. भाजीला पाणी सुटलंय. दोनदा गरम केलंय हे, तेही घाईघाईत. तुम्ही खा हो. म्हणजे, नाही खाल्लंत तर बरं, पण खा.”

ते गृहस्थ मोठ्याने हसले. “पाच वर्षं याच वर्गातून येतोजातो मी. आधी सूप गेलं. मग बशा गेल्या, म्हणे वजन वाढतं. मग पाव गार झाला. आता मागच्या लोकांचा डबा आणि आपला डबा एकच. आपल्यावर फक्त ही पट्टी चिकटवतात. पट्टीचं भाडं भरतोय आपण, मावशी.”

“आणि बोलत नाही कुणी?”

“कुणाला बोलणार? ही पोर काय करेल बिचारी?”

पोर बिस्किटांचे दोन पुडे घेऊन आली. तासाभराने मी आणखी मागितले, तर तेही नव्हते. मग ती पडद्यामागे गेली आणि एक डबा रुमालात झाकून घेऊन आली. तिचा स्वतःचा.

“तू काय खाशील?” आईने विचारलं. “सकाळपासून उभी आहेस. ने तो परत, आणि बसून खा. उभ्याने खाऊ नकोस.”

मुलीचे डोळे भरले. “आजी, तुम्ही लिहून द्या. आम्ही सांगितलं तर ‘तुम्हाला नीट वाटता येत नाही’ म्हणून आमच्याच नावावर शेरा मारतात. प्रवाशाने लिहिलेलं तरी वाचतील.”

तिने कागद आणून दिला. आईने चष्मा लावला आणि मघाशी ताटाची वाट पाहणाऱ्या त्याच फळीवर कागद ठेवून आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

‘आमच्या रांगेशी जेवण वाढलं. मग बिस्किटं आली, तीही वाढली. असं वाढप मी माझ्या एकतीस वर्षांच्या कामात कुठे पाहिलं नाही. मुलगी हात जोडून उभी होती, तिला बोल लावू नये. स्वयंपाक कोण ठरवतं त्यांना एकदा भेटायची इच्छा आहे.’

मी वाचलं आणि म्हणाले, “वा आई! चांगली सणसणीत हजेरी घेतलीस.”

खरंच, आम्हा दोघींना त्यात नुसता राग दिसत होता.

दोन महिने दादाकडे राहून आम्ही परत आलो तेव्हा दारात विमान कंपनीचं जाड पाकीट पडलेलं. ‘आपल्या मनमोकळ्या कौतुकाबद्दल आम्ही ऋणी आहोत.’ आत नवी गुळगुळीत माहितीपुस्तिका. मुखपृष्ठावर तीच चिनी मातीची बशी, आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरात:

‘आमच्या रांगेशी जेवण वाढलं. मग बिस्किटं आली, तीही वाढली. असं वाढप मी एकतीस वर्षांत कुठे पाहिलं नाही!’ — खानपान क्षेत्रातील जाणकार प्रवासी.

मला आधी हसू फुटलं. मग आईकडे पाहिलं. ती भिंतीला धरून खाली बसली होती.

“उद्गारचिन्ह मी दिलं नव्हतं,” ती म्हणाली.

“अगं, त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, ताटात वाढलं.”

“माझ्या शब्दावर आता कुणीतरी तिकीट काढेल. माझ्यासारखी एखादी म्हातारी सकाळपासून पोट रिकामं ठेवून जाईल, आणि हे तिला पुडा देतील. हात धुऊन बसलेल्या माणसाला मी फसवलं गं. अन्नाच्या बाबतीत. मी!”

रडली नाही ती. चपला घालून दारात उभी राहिली. “चल. कुठे आहे त्यांचं ऑफिस?”

ऑफिस काचेचं होतं, थंडगार. टोकन घेऊन बसलो. टेबलामागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तरुण साहेब होते, वागायला गोड. त्यांनी आईचा मूळ कागद संगणकावर काढला.

“आजी, अक्षर तुमचंच ना? ‘जेवण वाढलं.’ वाढलं ना मग?”

“वाढलं म्हणजे नव्हतं.”

“वाढलं म्हणजे... नव्हतं?”

“हो.”

“आणि ‘बिस्किटं वाढली’?”

“तीही नव्हती.”

साहेबांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. “तुमच्या घरात कधी कुणी म्हातारं माणूस नव्हतं का हो?” मी विचारलं. “पीठ वाढलं, तेल वाढलं, कधीच ऐकलं नाहीत?”

“आमच्याकडे सगळं ऑनलाइन मागवतात,” ते कसनुसं हसत म्हणाले. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “एक करा आजी. यावर ‘जेवण संपलं’ असं स्पष्ट लिहून द्या. मी तक्रार म्हणून नोंदवतो. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

आईने पेन घेतलं. टोक कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. मागे रांग खोळंबली होती. माझा धीर सुटला. “लिही ना आई! एवढं काय त्यात? त्यांना तीच भाषा कळते.”

“पण ते खरं नाही,” आई म्हणाली.

“काय खरं नाही?”

“संपलं नव्हतं. संपायला आधी असावं लागतं. पातेलं भरून ठेवलं, जेवणारे जास्त आले आणि तळ लागला, तर ते संपणं. त्यात स्वयंपाकिणीची लाज नाही. यांनी तर पातेलंच लहान ठेवलं, ठरवून. त्याला मी संपलं म्हणू?”

आणि तिने लिहिलं: ‘अठ्ठावीस जणांकडून जेवणासकट भाडं घेतलं आणि सव्वीस जणांचंच जेवण विमानात ठेवलं. राहिलेल्या दोघी आम्ही. पुढच्यांनाही जे मिळालं ते मागच्यांचंच होतं, वर पट्टी लावलेलं. वाटणाऱ्या मुलीचा दोष नाही, ठेवणाऱ्यांचा आहे.’

साहेबांनी वाचलं. गोडवा जरा उतरला. “वर पाठवतो. पण आजी, पुस्तिका छापून झाल्यात. पुढच्या तिमाहीत बदलतील. तोवर आमच्यातर्फे हे कूपन घ्या. पुढच्या प्रवासात एक जेवण मोफत.”

“विमानात नसलेलं जेवण मोफत?” मी ओरडलेच. “मग एक कशाला, शंभर द्या की!”

रांगेतले लोक वळून पाहू लागले. आईने कूपन परत सरकवलं आणि टेबलाच्या कडेला रचलेल्या पुस्तिकांकडे बोट केलं. “याच का त्या?”

“हो, पण...”

तिने पूर्ण गठ्ठा उचलून मांडीवर घेतला. पहिल्या पुस्तिकेवरचं आपलं वाक्य एका रेघेने खोडलं आणि खाली लिहिलं, ‘हे कौतुक नाही. विमानात अठ्ठावीसपैकी सव्वीस जणांचंच जेवण असतं.’ ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

“आजी, अहो, असं करता येणार नाही. ही कंपनीची मालमत्ता आहे.”

“कागद कंपनीचा,” आई म्हणाली. “वाक्य माझं आहे.”

साहेब उभे राहिले, पुन्हा बसले, मग फोन कानाला लावून आतल्या काचेच्या खोलीत गेले. मी पर्समधून माझं पेन काढलं आणि अर्धा गठ्ठा ओढून घेतला. रागाच्या भरात अक्षर वाकडं येत होतं. आईने एकदा वळून पाहिलं. “नीट लिही,” म्हणाली, “लोकांना वाचता आलं पाहिजे.”

रांगेतून एक बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात पैसे भरून झालेलं तिकीट होतं. त्यांनी आमच्या ढिगातली एक पुस्तिका उचलली, वाचली आणि आईच्या खुर्चीजवळ वाकल्या.

“मावशी, हे खरं आहे?”

“तुम्ही कितव्या रांगेत?” आईने मान वर न करता विचारलं.

“चौथ्या.”

“मग घरून डबा न्या,” आई म्हणाली, आणि तिने पुढची पुस्तिका ओढली.