भोपळ्याला शिक्का हवा

दोन-चार घोट दूध सोडलं तर हॉस्पिटलात पडलेल्या सासूबाईंच्या पोटात काही जात नव्हतं. शुक्रवार सकाळपर्यंत जेवल्या नाहीत तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आणि मी त्याच हॉस्पिटलची स्वयंपाकीण! एकोणीस वर्षं इथल्या शेगडीपुढे घाम गाळते आहे, आणि माझीच सासू माझ्या हातचं सूप परत पाठवते.

त्यांचं तरी काय चुकलं? सूप कसलं, पाकिटातली पिवळी पूड आणि गरम पाणी. जेवणाचा ठेका बाहेरच्या कंपनीला दिल्यापासून सुऱ्या फडताळात पडल्यात, मी नुसती पाकिटं कापते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर मात्र भोपळे, पालक, गाजरं. सासूबाई इथेच आया होत्या. भाज्या धुतलेल्या पाण्यावर तो वाफा त्यांनीच उभा केला, आता सफाईवाल्या बायका सांभाळतात.

सोमवारी एक भोपळा घेऊन कोठी सांभाळणाऱ्या साहेबांकडे गेले.

"गेटचा शिक्का कुठे आहे?"

"साहेब, हा गेटमधून आलाच नाही. इथेच उगवला."

"मग तो आलाच नाही. जे आलं नाही ते शिजवता येत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी खरोखर केलं. भोपळा काखेत मारला, मागच्या फाटकातून बाहेर पडले आणि कंपाउंडला वळसा घालून पुढच्या गेटवर आले. वॉचमनने हसत हसत शिक्का मारून दिला. मंगळवारी साहेबांना पुरवठादाराचं नाव हवं झालं. फॉर्म भरला, वॉर्डात जाऊन सासूबाईंची सही आणली. बुधवारी फॉर्म परत.

"रुग्णाला पुरवठादार होता येत नाही. आधी डिस्चार्ज घ्या म्हणावं."

"जेवल्याशिवाय डिस्चार्ज कसा मिळेल?"

"ते माझ्या खात्यात येत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुवारी दुपारी सरळ भोपळा चिरला, पालक खुडला आणि वाटीभर सूप ॲप्रनखाली लपवून वॉर्डात नेलं.

सासूबाईंनी वासानेच डोळे उघडले. मग आजूबाजूच्या खाटांकडे पाहिलं.

"आणि यांना?"

"आधी तुम्ही खा हो!"

"सव्वीस वर्षं ताटं वाटली मी इथे. शेवटच्या खाटेला मिळाल्याशिवाय घास घेतला नाही. विसरलीस?"

विसरले नव्हते. पण जिवावर बेतल्यावरही हा हट्ट धरतील असं वाटलं नव्हतं. मला रागाने रडूच आलं. त्यांनी वाटी शेजारच्या खाटेवरच्या मुलीला देऊन टाकली.

"तीस खाटा आहेत. वाटीने काय होतंय? पातेलं काढ."

काढलं. स्वयंपाकघरात शिक्क्याशिवाय शिजत नाही ना? मग वाफ्यातच तीन विटा मांडल्या. सफाईवाल्या बायका सुऱ्या घेऊन बसल्या आणि होते नव्हते ते सगळे भोपळे चिरले गेले. साहेब धावत आले.

"काय चाललंय हे?"

"आम्ही बाहेर आहोत, साहेब. बाहेरचं तुमच्या खात्यात येत नाही."

ते तसेच फिरले आणि मेमो टाइप करायला गेले.

संध्याकाळी एकेका खाटेला वाढत गेले. सासूबाईंची खाट सातवी. ती ओलांडून मी पुढे गेले, आणि त्या बोटांवर मोजत राहिल्या. तिसावी झाली तेव्हा पातेल्याच्या तळाशी जरासं करपलेलं उरलं होतं. ते वाटीत खरवडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि वाटी पुढे केली. "अजून दे."

अजून नव्हतं. वाफ्यातही एक भोपळा उरला नव्हता, आणि मेमो माझ्या खिशात होता: वाफ्याला कुलूप, उद्यापासून पुन्हा पाकिटं. आठवड्याने भूक लागलेल्या बाईला मी हे कोणत्या तोंडाने सांगू?

"आणते," म्हणाले, आणि रिकामं पातेलं धरून तिथेच उभी राहिले.